फिनिक्सच्या सार्वजनिक गोल्फ कोर्सवर हिवाळ्यात राय (थंडीत हिरवं राहणारं गवत) पेरावी का?

कातळवाट: पपॅगो हा अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स महापालिकेचा १९६३ सालचा कोर्स. या वाळवंटी पट्ट्यात मूळ गवत बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीचीच सुधारित जात. थंडीत ते पिवळं पडून निपचित होतं, म्हणून तिथले कोर्स सप्टेंबर-ऑक्टोबरात वर राय पेरतात आणि दोन-चार आठवडे बंद ठेवतात. २०२२ पासून कोलोराडो नदीच्या पाण्यात अ‍ॅरिझोनाला कपात सोसावी लागतेय. लोकांच्या पैशावरच्या कोर्सनं तरी फेअरवे (मधला बारीक कापलेला पट्टा) आणि रफवरची (त्याच्या कडेचं उंच गवत) राय सोडावी. पिवळ्या गवतावर चेंडू छान पळतो.

हिरवळ_हिशेब: आणि वर्षाचा खर्च कोण भरणार? जानेवारी ते एप्रिल हाच कमाईचा काळ, थंड राज्यांतले पाहुणे तेव्हाच येतात. शिवाय निपचित गवत जखम भरून काढत नाही. डिसेंबरात पडलेला डिव्हट (फटक्यानं गवत उखडून झालेला खड्डा) मेपर्यंत तसाच. कार्ट (खेळाडूंच्या छोट्या गाड्या) रोज एकाच वाटेनं गेल्या की तिथे माती उघडी पडते.

कातळवाट: कार्टची वाट दोरी लावून आखा, दर आठवड्याला बदला. टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाची जागा) राय पेरा, तिथे माझी हरकत नाही. पण मे-जूनमध्ये काय होतं ते बघा. राय सावली धरून बसते आणि खालची बर्म्युडा उपाशी राहते. तिला वर्षातून निदान १०० दिवस स्पर्धेविना वाढीचे लागतात. ते न मिळाल्यानं दरवर्षी झाडांखाली टक्कल पडतं.

नळ_आणि_नोझल: टक्कल पडतं ते बहुधा घाईनं. रात्री अजून गरम असताना पेरलं की बर्म्युडा कोंब दाबते आणि ओलाव्यात पिथियम बुरशी रोपं झोपवते. फार उशीर केला तर थंड मातीत बी रेंगाळतं. ऑगस्टअखेर नत्र थांबवा, गवत अर्ध्या इंचापर्यंत खरवडा, कचरा उचला, बी आडवं-उभं दोनदा टाका. मग उगवेपर्यंत दिवसातून चार-सहा वेळा हलकं पाणी. स्प्रिंकलरचं एक जरी नोझल तुंबलं तरी वर्तुळाकार डाग पुढचे चार महिने दिसतो.

मीठभाकर: यात क्षार विसरलात. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणाऱ्या कोर्सवर रायची कोवळी रोपं क्षारानं करपतात. लोक जिप्समची पोती ओततात, पण जिप्सम सोडियमवर उपाय आहे, एकूण क्षारांवर नाही. ते खाली ढकलायला जास्तीचं पाणीच द्यावं लागतं, आणि खाली कॅलिचीचा दगडी थर असेल तर तेही मुरत नाही.

हिरवळ_हिशेब: मान्य, पण रफ पिवळा ठेवलात तर चेंडू थांबत नाही, थेट चोया निवडुंगाच्या काट्यांत. शोधण्यात वेळ जातो आणि मागचे चार गट खोळंबतात.

कातळवाट: त्याला गवत कशाला? २०१९ च्या नियमांनी कमिटीला वाळवंटही लाल खुंट्या मारून पेनल्टी एरिया (दंड घेऊन चेंडू बाहेर आणता येणारी जागा) ठरवता येतो. एका फटक्याचा दंड, दोन क्लबच्या (गोल्फच्या काठ्यांच्या) लांबीत चेंडू टाका, चला पुढे. काट्यांत हात घालायची आणि सापाशी गाठ पडायची वेळच येत नाही.

हिरवळ_हिशेब: स्कोअरकार्डवर ठीक. पण पर्यटकाला फोटोत हिरवं हवं असतं, फेब्रुवारीतली टीपीसी स्कॉट्सडेल या जवळच्या कोर्सवरची स्पर्धा टीव्हीवर पाहूनच तो येतो.

नळ_आणि_नोझल: मग पिवळ्या गवताला हिरवा रंग मारा, पण दव सुकल्यावर. ओल्यावर मारला तर हिरवे होतील पाहुण्यांचे पांढरे बूट. काही आठवड्यांनी फिकट झाला की पुन्हा हात द्यावा लागतो, आणि डिव्हट काही त्यानं भरत नाहीत.