फॅमिली डॉक्टरांचे अनुभव : त्यांनी नेमकं काय केलं, ते सांगा

आडवळण
आमच्या डॉक्टर निवृत्त झाल्या आणि नवीन दवाखाना शोधायची वेळ आली. चार जणांना विचारलं, तर उत्तरं दोनच : 'देवमाणूस आहेत' नाहीतर 'नुसते लुटतात'. यातून कळायचं काय? म्हणून हा धागा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी, किंवा त्यांच्या दवाखान्यानं, असं नेमकं काय केलं की विश्वास बसला किंवा उडाला? नाव-गाव-फी नको. हातगुणाचे किस्सेही दुसरीकडे.

'थेट स्पेशालिस्ट गाठावा, फॅमिली डॉक्टर हवेतच कशाला' म्हणणारे येतीलच, त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवते. नॉर्वेतल्या ४५ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ साली छापून आला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, जेमतेम वर्षभर असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. यात डॉक्टरांचं श्रेय किती आणि मुळातच एका जागी टिकून राहणाऱ्या माणसांचं किती, यावर भांडता येईल. इथे नको.

निवांत
मी पहिला. माझं बीपी बरीच वर्षं शर्टाच्या बाहीवरूनच, गप्पा मारता मारता मोजलं जायचं. आकडा वाढला की गोळी वाढायची. मग त्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी आधी पाच मिनिटं नुसतं बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाले, "आत्ता नको, नंतर सगळं ऐकतो." माझा दंड जाड म्हणून मोठा पट्टा काढला. पट्टा लहान पडला की आकडा उगाच वर जातो, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही हातांचं मोजलं. आकडा नेहमीपेक्षा बराच खाली! तरी गोळी लगेच कमी केली नाही, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगितलं. निर्णय त्या वहीवर घेतला. यात महागडं यंत्र कुठलंच नव्हतं हो.

चिमणीची आई
निवांत, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला.
आमचा अनुभव लेकीच्या तापाचा. डॉक्टरांनी कान, घसा, छाती तपासली, श्वास घड्याळ लावून मोजले आणि म्हणाल्या, "व्हायरल वाटतंय, अँटिबायोटिक देत नाही." नवरोबा तिथेच नाराज. पण नंतर त्यांनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं : श्वास जोरात चालला, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, पाणीसुद्धा पिईना, बराच वेळ शू झाली नाही, किंवा मूल सुस्त पडून उठवूनही नीट जागं होईना, तर सकाळची वाट बघायची नाही. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, हेही त्यात होतं. तो रेंगाळलाच, पण मी घाबरले नाही. याआधीच्या ठिकाणी 'बरं नाही वाटलं तर या' एवढंच सांगायचे. बरं नाही म्हणजे किती, हे आईनं रात्री दोन वाजता कसं ठरवायचं?

उलटतपासणी
आता उलटी बाजू. नॉर्वेचं ठीक आहे, पण ओळख जुनी झाली की नजर बोथटसुद्धा होते. सासूबाईंना मधुमेह, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू. पायांना मुंग्या, थकवा. नेहमीचे डॉक्टर प्रत्येक वेळी हसून म्हणायचे, "आता वय झालं, आजी." ते सुट्टीवर असताना बदली डॉक्टर आल्या. त्यांना आजींचा इतिहास माहीत नव्हता, म्हणून त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि बी-१२ तपासायला सांगितलं. खूपच कमी निघालं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ते कमी होऊ शकतं. इंजेक्शनं सुरू झाली, थकवा गेला. मुंग्या थोड्या राहिल्या आहेत. जुने डॉक्टर माणूस म्हणून आजही आवडतात. पण 'आमचे पंचवीस वर्षांचे संबंध' हे प्रमाणपत्र नव्हे.

आडवळण
@उलटतपासणी, हे पटलं. असेच अनुभव हवे आहेत. नुसती स्तोत्रं नकोत.

खिडकीजवळची खुर्ची
डॉक्टर उत्तम. पण काउंटरवरून भरल्या वेटिंग रूममध्ये मोठ्यानं : "हां, काय त्रास होतोय?" माझा त्रास तिथे सांगण्यासारखा नव्हता. "ताप," मी म्हणाले आणि बसले. दोनदा असं झाल्यावर दवाखाना बदलला. नव्या ठिकाणी चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय आहे.

गोळाबेरीज
वडील हॉस्पिटलमधून घरी आले ते गोळ्यांची भलीमोठी यादी घेऊन. फॅमिली डॉक्टरांचा फोन : "यादी नको, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या. जुन्या, अर्धवट, डोळ्यांचे थेंबसुद्धा." टेबलावर पिशवी उलटी केली. त्यांनी एकेक पाकीट उचलून ब्रँडचं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचली आणि दोन पाकिटं बाजूला काढली. दोन्ही अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे बीपीची एकच गोळी, नावं वेगळी. बाबा जुनीही घेत होते आणि नवीही. घोट्यांना सूज त्यानेच असावी, असं डॉक्टर म्हणाले. त्या सुजेसाठी मधल्या काळात दुसरीकडून लघवीची गोळी सुरू झाली होती, तिच्यामुळे उठताना चक्कर. म्हणजे गोळीच्या त्रासावर गोळी! डॉक्टरांनी हॉस्पिटलशी बोलून दोन गोळ्या बंद केल्या, पंधरा दिवसांनी बीपी आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघितलं. औषधं वाढवणारे पुष्कळ भेटले, कमी करणारे हे पहिले.

टेबलापलीकडचा
मी स्वतः फॅमिली डॉक्टर आहे. मार खायची तयारी ठेवून लिहितो. अमेरिकेतला १९८४ चा एक अभ्यास आहे : रुग्णानं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडतात. आम्ही तोडतो, हे खरंच आहे, बाहेर रांग दिसत असते. पण दुसरी गंमतही ऐका. सर्दीबद्दल दहा मिनिटं बोलून झाल्यावर माणूस उठतो, दाराला हात लावतो आणि म्हणतो, "बाकी काही नाही, जिना चढताना छातीत जरा दाबल्यासारखं होतं." मग सर्दी राहिली बाजूला, ईसीजी काढा! म्हणून आता मी सुरुवातीलाच 'अजून काही?' विचारत राहतो, यादी संपेपर्यंत. तुम्हीही मोठी तक्रार आधी सांगा, लाज वाटणारी असेल तर सगळ्यात आधी.
आणि तपासण्यांचं. 'काही कळवलं नाही म्हणजे रिपोर्ट चांगला' असं कधीही धरू नका. रिपोर्ट आलाच नाही, किंवा आला आणि कुणी पाहिलाच नाही, असंही असू शकतं. तपासणी लिहून देतानाच विचारा : निकाल कोण कळवणार, कधीपर्यंत?

चिमणीची आई
डॉक्टर, मार नाही, +१.
एक शंका : आमच्याकडे आता तीन डॉक्टर आळीपाळीनं बसतात. एकच धरून ठेवावा का? म्हणजे तोपर्यंत ताप अंगावर काढायचा?

टेबलापलीकडचा
तापाला, जखमेला जो असेल तो चालेल, थांबू नका. बीपी, मधुमेह, दमा, नैराश्य, न उलगडलेलं दुखणं यांना शक्यतो एकच धरा आणि अपॉइंटमेंट घेताना तसं सांगा. बाकी दोघांनी फाइलमध्ये काय लिहिलं आहे, ते तुमच्यासमोर वाचतात का, तेवढं बघा.

आडवळण
नवीन दवाखान्यात उद्या जातेय. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्या आहेत, मुदत संपलेल्यासुद्धा. काय होतं ते इथेच लिहीन. तोवर बाकीच्यांनी लिहीत राहा.