गावचं काम करणारा माणूस दिवसभर करतो काय? (अनुभव धागा : बेळगाव, खानापूर, निपाणी)

धागाकर्ता
कार्यकर्ता गेला की चौकातल्या फलकावर ‘जनसेवेसाठी आयुष्य वेचले’ एवढी एक ओळ येते. वेचले म्हणजे नेमकं काय केलं, ते कुणी लिहीत नाही. हे काम ज्यांनी जवळून पाहिलंय, केलंय, त्यांनी इथं फक्त रीत सांगावी. कौतुक नको, आठवणी नकोत. कसं करायचं आणि कुठं अडतं, तेवढंच.

शिवारकर
सुरुवात अर्जापासून. घटनेचं कलम ३५० सांगतं की राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, म्हणजे मराठी अर्ज कायद्यानं चालतो. पण टेबलावरच्या माणसाला तो वाचता आला नाही की कागद गठ्ठ्याच्या तळाला जातो. म्हणून वर कन्नड, खाली तोच मजकूर मराठीत, दोन्हीवर सह्या. हक्कही सोडायचा नाही आणि कामही अडवायचं नाही.

सह्यांच्या प्रत्येक पानावर अर्जाचा विषय पुन्हा लिहायचा. कोऱ्या पानांवर सह्या गोळा केल्या की विरोधी पार्टी म्हणणारच, ‘ह्या दुसऱ्याच कामाच्या सह्या’. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराचं नाव. एका अर्जात एकच मागणी. गटार, दिवे आणि पाणी एकत्र लिहिलं तर तो कागद कुठल्याच टेबलाचा राहत नाही.

आणि अर्ज दिला की झालं म्हणून घरी येऊ नका ओ. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतील ‘ठेवून जा, बघतो’. तरी थांबायचं. नुसत्या सहीवर भागत नाही, क्रमांक पाहिजे.

नाडकचेरीवाला
जातीचा, उत्पन्नाचा दाखला असल्या कामांना लांबलचक अर्ज लिहीत बसू नये. कर्नाटकाच्या २०११ च्या सकाल (सेवा हमी) कायद्यात येणाऱ्या सेवांना मुदत ठरलेली आहे. अर्ज घेतला की जीएससी क्रमांक, म्हणजे त्या अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. मुदत टळली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. पैसे मिळवणं हा मुद्दा नाही. क्रमांक हातात घेऊन विचारणारा माणूस दिसला की फाइल हलते.

माहिती अधिकारवाला
कर्नाटकात माहिती अधिकाराच्या अर्जाची एक अट बऱ्याच जणांना ठाऊक नसते : एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. कुणीतरी पाठवलेला चार पानी नमुना इथं भरला तर तो परत येतो. विषय तोडून तीन अर्ज करा, प्रत्येकाला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर.

‘रस्ता का केला नाही?’ असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा : अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची नक्कल, काम पूर्ण झाल्याचा दाखला. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. ती नक्कल आणि टेप घेऊन चार माणसं रस्त्यावर उभी राहिली की भाषण करायची गरज उरत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथंही जमलं नाही तर ९० दिवसांत दुसरं. बहुतेकजण पहिल्या अपिलाची तारीख चुकवतात आणि मग कचेरीला शिव्या घालतात.

शाळा कमिटी
मराठी शाळा टिकवायची तर काम एप्रिल-मे मध्येच करायला पाहिजे. सप्टेंबरात मोर्चा काढून उपयोग नाही, तोवर पट नोंदलेला असतो आणि शिक्षकांची वाटणी त्यावरच होते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जुना ठरलेला निकष म्हणजे शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं. त्याच्या मागं कलम ३५० अ आहे. अंगणवाडीतून बाहेर पडणाऱ्या मुलांची यादी घ्या, घर न घर फिरा. आईबापांशी भांडू नका. इंग्रजी माध्यमाची व्हॅन दारात येते, हे त्यांचं कारण खरं आहे. आपल्या वाडीवरच्या मुलांना शाळेत न्यायची सोय आधी सांगा, अस्मितेचं नंतर.

शिक्षकाची जागा रिकामी असेल तर एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव करा. त्यात तारीख, हजर सभासदांच्या सह्या, सूचक, अनुमोदक आणि आताच्या पटाचा आकडा पाहिजे. एक प्रत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कचेरीला, एक शिक्षण उपसंचालकांना. निपाणी भागाला चिक्कोडी शैक्षणिक जिल्हा लागतो, बेळगावला नव्हे. चुकीच्या कचेरीला दिलेला कागद तिथंच पडून राहतो.

जांबोटी रोड
आमच्याकडं दवाखाना आणि गवा. पेशंट घेऊन निघताना रेशन कार्ड आणि आधार बरोबर घ्याच. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत मोठा उपचार पाहिजे असेल तर आधी सरकारी दवाखान्याची शिफारस चिठ्ठी लागते, फक्त तातडीच्या केसला सवलत. थेट खासगीत भरती करून मग कार्ड शोधणं हीच नेहमीची अडचण.

गव्यानं पीक तुडवलं तर पंचनामा होईस्तोवर कापायचं नाही, सावरायचं नाही. फोटोत बांध किंवा झाड ओळखू यायला पाहिजे, नुसतं लोळलेलं भात कुणाचंही असतं. उताऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव असेल तर पैसे अडतात, म्हणून वारसा लावून घेणं हे कार्यकर्त्याचं पावसाळ्यापूर्वीचं काम.

तारीखवही
१ नोव्हेंबरची काळ्या दिनाची सायकल फेरी, १७ जानेवारीचं सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन, हे सगळ्यांना दिसतं. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. केस झाली की कुणाचं नाव कुठल्या गुन्ह्यात, तारीख कधी, जामीनदार कोण, याची वही पाहिजे. जामीनदाराचा शेतीचा उतारा आणि ओळखपत्र आधीच काढून ठेवायचं. एका तारखेला गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं, आणि पोरगा सैन्यात भरतीला किंवा पासपोर्टला गेला की पोलीस पडताळणीत तेच वर येतं. वीस वर्षांच्या पोरांना पुढं करून स्वतः वकिलाच्या फीला मागं राहणाऱ्याला मी पुढारी म्हणत नाही.

खजिनदार
वर्गणीला क्रमांक छापलेलं पावती पुस्तक. स्थळप्रत फाडायची नाही, चुकलेली पावती तिरकी रेघ मारून तशीच ठेवायची. बँकेत दोघांच्या सह्या. पेट्रोल आणि चहा यांचं खातं वेगळं. चोरी क्वचित होते, पण खिशातले आणि मंडळाचे पैसे चहात मिसळतात आणि यात्रेच्या हिशोबाला तिथंच भांडण लागतं. महिन्याला हिशोब देवळात वाचून दाखवायचा, ऐकायला चार माणसं असली तरी.

टिळकवाडी
मोठ्यांचं वेगळं नव्हतं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गंगाधरराव देशपांड्यांनी त्याची व्यवस्था उभी केली. एवढ्या माणसांना पाणी कुठलं? तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. ठराव पुस्तकांत गेले, विहीर गावाला उरली.

धागाकर्ता
@शिवारकर, ती शिक्क्याची प्रत, म्हणजे पोचच हरवली तर? बऱ्याच गावांत जुन्या कार्यकर्त्यामागं कागद घरच्यांनी रद्दीत घातलेत.

शिवारकर
अर्जाचा महिना आठवत असेल तर माहिती अधिकारात त्या कचेरीच्या आवक नोंदवहीची त्या तारखांपुरती नक्कल मागा. नोंद सापडली की तोच क्रमांक घालून नवा अर्ज द्या, ‘संदर्भ : मागील अर्ज’ असं वर लिहून. यापुढं मूळ पोच देवळाच्या कपाटात, झेरॉक्स घरी, आणि किल्ल्या दोन घरांत.