प्रतिसाद: शाळा संपल्यावर कार्यशाळा

शाळा संपलेल्या बौद्धिक दिव्यांग भाच्याला कुठे पाठवावं, असं वर विचारलंय. पुण्यात असाल तर गोखलेनगरची कामायनी आधी बघा. १९६४ पासूनची संस्था, शाळेच्या जोडीला कार्यशाळाही (शाळेनंतर मोठ्या मुलांना हाताला काम देणारं केंद्र) आहे. पण मुलाला लगेच नेऊ नका. आधी एकटेच जाऊन हातात काय काम देतात ते पाहा.

मी पाहिलेल्या एका कार्यशाळेत पुठ्ठ्यावर दहा गोल काढले होते. प्रत्येक गोलात एक मेणबत्ती ठेवायची, सगळे गोल भरले की पाकीट बंद. आकडे न येणारी मुलगी बिनचूक पाकिटं भरत होती. उलट जिथे सकाळी ओवलेले मणी संध्याकाळी सोडवून ठेवतात (हो, असंही चालतं!) तिथून सरळ निघा.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी तेवढं मार्गी लावा, बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आणि १८ पूर्ण झाल्यावर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. कार्यशाळेत मिळणारं विद्यावेतन किरकोळच असतं, पण ते मुलाच्याच खात्यात जमा होतं ना, हे विचारून घ्या.