पहिली खिडकी बंद केली की दुसरी कोसळते (क्यूटी, टेक्स्ट एडिटर)

प्रश्न, रामबाग, इंदूर
आत्यासाठी सी प्लस प्लस आणि क्यूटीत (खिडक्या, बटणं बनवायची तयार लायब्ररी) छोटा टेक्स्ट एडिटर लिहिते आहे. घरचे जुने मोडी कागद ती वाचून टाइप करते. आधी मोडीत जसंच्या तसं, खाली बाळबोधीत. मजकूर लांबला की तिला वरचा आणि खालचा भाग एकदम समोर हवा असतो, म्हणून ‘नवी खिडकी’ची सोय केली. दुसऱ्या खिडकीतल्या क्यू-टेक्स्ट-एडिटला (क्यूटीचा लिहायचा चौकोन) सेट-डॉक्युमेंटने पहिलीचंच डॉक्युमेंट, म्हणजे मजकूर धरणारं ऑब्जेक्ट, दिलंय. एकीत लिहिलेलं दुसरीत लगेच उमटतं.

दुसरी आधी बंद केली तर काही होत नाही. पहिली आधी बंद केली की दुसरीत सेगमेंटेशन फॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅम कोसळतो)! कधी लगेच, कधी चार ओळी लिहून झाल्यावर, आणि त्या ओळी जातात. एकेक कागद लावायला तिची अख्खी दुपार जाते, म्हणून जीव तुटतो. दोन्हींना डिलीट-ऑन-क्लोज (बंद केली की खिडकी मेमरीतूनही जाते) लावलंय. मोडीचं एकेक अक्षर क्यू-स्ट्रिंगमध्ये (क्यूटीचा मजकूर ठेवायचा प्रकार) दोन जागा घेतं, तिथे काही बिनसतंय का?

बडोदेकर
ताई, मोडी आधी बाजूला ठेवा. नुसतं देवनागरी ‘अ’ लिहून तेच करून बघा. मग ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून बिल्ड करा, कंपाइल आणि लिंक दोन्हीकडे. मोकळी केलेली मेमरी दुसरं कोणी घेईपर्यंत तिथे जुनंच पडून राहू शकतं, म्हणून कोसळायची वेळ दर वेळी वेगळी. सॅनिटायझर ती मेमरी कुठे वापरली, कुठे मोकळी केली, कुठे घेतली होती हे तिन्ही दाखवतो. तुम्हाला मधलं हवंय.

रामबाग, इंदूर
दादा, देवनागरीतही तेच. अहवालात ‘हीप यूज आफ्टर फ्री’, म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली: वापर दुसऱ्या खिडकीच्या पेंट इव्हेंटमध्ये (खिडकी रंगवताना), आणि मोकळी झाली पहिल्या एडिटरच्या डिस्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड).

ग्वाल्हेरहून
मग सापडलंच की. सेट-डॉक्युमेंटने मालकी बदलत नाही, डॉक्युमेंटचा जो पेरेंट तोच मालक. तुमचं डॉक्युमेंट पहिल्या एडिटरने स्वतः तयार केलेलं, म्हणून त्याच्याबरोबर गेलं. डिलीट-ऑन-क्लोज काढलंत तर खिडकी नुसती लपेल आणि कोसळणं थांबल्यासारखं वाटेल. ते करू नका, उघडलेली प्रत्येक खिडकी मेमरीत साचत जाईल.

डॉक्युमेंट बाहेर, पेरेंटशिवाय तयार करा आणि प्रत्येक खिडकीत शेअर्ड पॉइंटरने (शेवटचा धरणारा गेला की वस्तू मोकळी करतो) धरा. इथे एक मेख आहे. खिडकीच्या क्लासचे मेंबर (त्यांत हा पॉइंटरही) आधी नष्ट होतात, पोरं-विजेटं (एडिटरसारखे आतले भाग) त्यानंतर, क्यू-विजेटच्या डिस्ट्रक्टरमध्ये. शेवटच्या खिडकीत डॉक्युमेंट एडिटरच्या आधी जाईल. म्हणून तुमच्या डिस्ट्रक्टरमध्ये एडिटर स्वतः डिलीट करा, म्हणजे क्रम बरोबर राहतो.

रामबाग, इंदूर
केलं. आता पहिली बंद करून दुसरीत लिहिलं की वेगळीच जागा दिसते: खाली अक्षरसंख्या दाखवणारा लॅम्डा (जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन).

बडोदेकर
त्या कनेक्टमध्ये (सिग्नल आला की लॅम्डा चालवणारी जोडणी) सिग्नल आणि लॅम्डा यांच्यामध्ये ‘धिस’, म्हणजे ती खिडकी, दिलंय का? नसेल तर खिडकी गेल्यावरही जोडणी तशीच राहते. आधी डॉक्युमेंटच मरत होतं म्हणून हे झाकलं गेलं. आता ते जगतं आणि मेलेल्या खिडकीला हाक मारतं.

रामबाग, इंदूर
नव्हतं दिलं. दिल्यावर दोन्ही क्रमांनी खिडक्या बंद करून पाहिल्या, मोडी मजकुरासकट. सॅनिटायझरची एकही तक्रार नाही. दोघांचे मनापासून आभार, आत्याला आजच नवी बिल्ड देते.