तुमचं स्टेशन कधी बदललं? (अनुभव धागा)

ठाणे-नवी मुंबईत आपण खासगी एफएम ऐकतो ते मुंबईचंच. वाहिनीचं नाव, भाषा किंवा गाणी बदलायचं ठरतं तेव्हा कळव्याच्या नाहीतर नेरूळच्या माणसाचा विचार कोण करतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. 2002 मध्ये मुंबईत खासगी स्टेशनं सुरू झाली. त्यातलं विन 94.6 हे 2005 मध्ये बंद पडलं. गो 92.5 चं रेडिओ वन झालं आणि ते 94.3 वर गेलं. बायकांसाठी गप्पांचं स्टेशन म्हणून आलेलं म्याव 104.8 पुढे ओये झालं, मग इश्क. 2016 मध्ये 91.9 वर जुनी हिंदी गाणी घेऊन रेडिओ नशा आलं. एवढी माहिती कुठेही मिळेल. ऐकणाऱ्यांचं पुढे काय झालं ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. घरात, दुकानात, गाडीत काय बदललं ते लिहा. मोठं झालं तरी चालेल.

कोपरखैरणे, शिवणकाम
मी घरी ब्लाउज, ड्रेस शिवते. मशीनवर बसलं की हात आणि डोळे अडकतात, कान मोकळे राहतात. टीव्ही लावला तर शिलाई वाकडी जाते, म्हणून दिवसभर रेडिओ. दुपारी एका स्टेशनवर एक ताई फोन घ्यायची. कुणाचं सासूशी पटत नाही, कुणाची मुलगी महिनोन्‌महिने बोलत नाही. ती मध्ये बोलायची नाही, आधी सगळं ऐकून घ्यायची. माझ्या मोठ्या जावेशी मी पुन्हा बोलायला लागले ते अशाच एका बाईचा फोन ऐकून. एका सोमवारी त्या वेळेला नुसती गाणी लागली. मला वाटलं ताई रजेवर असेल. बरेच दिवस तेच स्टेशन लावून वाट पाहिली. शेवटी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कॉलेजच्या मुलीनं सांगितलं की कार्यक्रम कायमचा गेला. गाणी चांगली होती, तक्रार गाण्यांची नाही. निदान शुक्रवारी "येते" म्हणून तरी जायला हवं होतं तिनं.

ठाणे पूर्व, पूर्वी रेडिओत काम
ताई, तिला तसं म्हणू दिलं नसणार. मी पडद्यामागे होतो. शेवटचा शो आहे हे ऑन-एअर सांगायचं नाही, असाच दंडक असायचा. श्रोता त्याच दिवशी दुसरीकडे वळेल ही भीती. बदलानंतर कितीतरी दिवस स्टुडिओत फोन यायचे, आणि उचलणाऱ्या पोराकडे द्यायला उत्तर नसायचं. मला ते आजही चुकीचं वाटतं.

बदल का होतात तेही सांगतो. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात सरकारला द्यायची लायसन्स फी ठरीव होती आणि दर वर्षी 15 टक्क्यांनी वाढायची, कमाई होवो न होवो. स्टेशनं त्या ओझ्याखाली वाकली. 2005 च्या धोरणात कमाईच्या 4 टक्क्यांचा हिशेब आला, लायसन्सं वाढली आणि जाहिरातीचा तोच पैसा जास्त जणांत वाटला जाऊ लागला. मग 2007 च्या सुमाराला रॅम नावाची मोजणी सुरू झाली. निवडक लोकांना वही द्यायची, कोणतं स्टेशन किती वेळ ऐकलं ते त्यांनी हातानं लिहायचं. म्हणजे वही भरताना जे नाव आठवेल त्याला गुण. दर दोन मिनिटांनी स्टेशनचं नाव कानात का ओरडतात आणि नावं एवढी छोटी, चटकदार का होत गेली, याचं निम्मं उत्तर त्या वहीत आहे. ताईंच्या मशीनशेजारी कुणी वही ठेवली असती तर तो कार्यक्रम कदाचित टिकला असता.

घणसोली
महापेच्या कॉल सेंटरात रात्रपाळी करायचो. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी वाचता यायचं पण तोंड उघडायची भीती. गो 92.5 वर मुंबईचीच माणसं सहज इंग्रजी बोलायची, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही जमेल. बसमध्ये इअरफोन लावून त्यांची वाक्यं पुटपुटायचो. स्टेशनचं नाव बदललं, हिंदी गाणी आली, तोवर माझं काम झालं होतं. त्या निवेदकांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानतो.

गोखले रोड, ठाणे
साड्यांचं दुकान आहे. दिवाळीत एफएमवर जाहिरात करावी म्हणून दर विचारले. जाहिरात दहा सेकंदांच्या हिशेबानं विकतात. माझं गिऱ्हाईक पाचपाखाडी ते माजिवडा, पैसे मात्र कुलाब्यापासूनच्या श्रोत्यांचे. शेवटी पेपरात पत्रकं घातली. ठाण्याचं स्वतःचं स्टेशन असतं तर आम्ही दुकानदारांनी ते जगवलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

कळवा, निवृत्त
आमच्या घरी मीडियम वेव्हवर 558 किलोहर्ट्झ, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. सकाळच्या मराठी बातम्या झाल्याशिवाय आंघोळीला जायचं नाही, असा वडिलांचा नियम होता. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे स्टेशनं कितीही आली तरी आमच्यासाठी काही बदललं नाही. बदलला तो रेडिओ. आता मिळणाऱ्या मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह नसतंच. जुना संच लावला तर एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर मध्ये येते. मी दिवे घालवून ऐकतो. सून हसत नाही, तीही येऊन बसते.

घोडबंदर रोड, टॅक्सी
गाडीत सहा बटणांवर सहा स्टेशनं लावलेली असतात. गायमुखच्या पुढे काही क्षीण होतात, तेव्हा हात आपोआप दुसऱ्या बटणावर जातो. 91.9 आल्यापासून वयस्कर पॅसेंजर पुढे वाकून "आवाज वाढवा" म्हणतात. फक्त एक सांगतो: जुनी गाणी म्हणता म्हणता नव्वदीतली यायला लागली की मागचे काका गप्प होतात. नाव तेच राहतं, स्टेशन बदललेलं असतं.

धागाकर्ता
घोडबंदरचे दादा म्हणतात तो बदल माझ्या यादीत नव्हता, तसे अनुभवही हवेत. आणि आणखी एक विनंती. त्या काळात आपल्यापैकी अनेक जण रेडिओवरून कॅसेट भरायचे. गाण्याच्या आधीमागे निवेदकाचं बोलणं, स्टेशनची धून, वाहतुकीची सूचना असं काही त्यात राहून गेलं असेल तर ती कॅसेट टाकू नका. कुठल्या वर्षाची, कुठल्या स्टेशनची ते इथे लिहा. वाजत नसेल तरी लिहा, फीत जोडून देणारे कारागीर मी शोधतो.