मदत हवी आहे: भातखाचरात पेंढा आणि गिरीपुष्प एकत्र गाडताना प्रमाण किती?

नमस्कार मंडळी. गुहागरकडची जांभ्याची, पाणी न धरणारी खाचरं. चिखलणीला गुंठ्याला ३० किलो गिरीपुष्पाचा (हिरवळीच्या खताचं झाड) ओला पाला आणि २० किलो पेंढा गाडतो. लावणी दोन्ही बाजूंनी १५ आणि २५ सेंमी आलटून-पालटून, जवळच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट म्हणजे दाबलेली गोळी, ७ ते १० सेंमी खोल. चारसूत्री भातलागवडीचंच गणित.

अडचण अशी की लावणीनंतर सुरुवातीला भात पिवळं पडतं, मग आपोआप सावरतं. संशय पेंढ्यावर आहे. त्यात कर्ब जास्त, नत्र फार थोडं. तो कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि पेंढा जिरल्यावर परत सोडतात. पाला उलट, कोवळा असेल तर झपाट्याने कुजतो. पण तेवढ्यात मोठी सर आली की नत्र बांधावरून पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात! स्फुरद तसं फारसं वाहून जात नाही, ते जांभ्यातल्या लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं.

विचारायचं ते हे: पेंढा उन्हाळ्यातच शेणकाल्यात अर्धा कुजवून घालावा, की लावणीआधी जास्त दिवस गाडावा? पेंढ्यात पालाश बरंच असतं, म्हणून तो बंद करायचा नाही. भाजावळीत (रोपवाटिकेची जमीन भाजताना) जाळायचा तर नाहीच, नत्र धुरात जातं. जांभ्यावर ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी दिवस आणि किलो सांगा.