निवांत शनिवार-रविवारसाठी चालणे आणि गाडीचा प्रवास यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न

नमस्कार. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतायचे, असा आमचा बेत आहे. सोबत माझे पती, दहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असतील. मागच्या वेळी आम्ही दोन दिवसांत पाहायच्या सात ठिकाणांची यादी केली होती. सातही पाहून झाली, पण त्यांपैकी एकाही ठिकाणी आम्ही अर्धा तास शांत बसलो नाही, आणि सासूबाई इतक्या थकल्या की परतल्यावर दोन दिवस त्यांना अंथरुणातच काढावे लागले. या वेळी थोडे चालावे, सुंदर रस्त्याने गाडी सावकाश न्यावी आणि उरलेला वेळ काही न ठरवता घालवावा, एवढीच इच्छा आहे. सासूबाईंना सपाटीवर चालण्याची सवय आहे, मात्र उतारावर त्यांचे गुडघे दुखतात. मुलीला वळणांच्या रस्त्यावर गाडी लागते. किती चालावे आणि कोणत्या दिवशी काय ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

ठिकाणांची यादी बाजूला ठेवून आधी तासांचा हिशेब करावा, असे मी सुचवेन. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला एक नियम आजही वापरला जातो. मेट्रिक मापांत तो साधारण असा आहे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवावा. म्हणजे ६ किलोमीटरच्या वाटेवर ३०० मीटर चढ असेल, तर सुमारे पावणेदोन तास लागतील. पण हा अंदाज न थांबता चालणाऱ्या सुदृढ माणसाचा आहे. तुमच्यासोबत लहान मूल आणि ज्येष्ठ व्यक्ती आहे, शिवाय तुम्हाला वाटेत बसायचे आहे, तेव्हा मी तो वेळ निःसंकोच दुप्पट धरेन. साडेतीन तासांची ही एक फेरी संपूर्ण दिवसासाठी पुरेशी आहे.

दोन्ही रात्री मुक्काम एकाच जागी ठेवा, हेही आवर्जून सांगतो. जागा बदलली की सामान बांधणे, ते गाडीत चढवणे आणि नव्या ठिकाणी पुन्हा मांडणे यांतच सकाळ निघून जाते, आणि अशा सहलीत सकाळइतकी मोलाची वेळ दुसरी नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ला योग्य आहे. केवळ सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी थोडे लिहिते, कारण माझ्या आईसोबत फिरताना मी हे जवळून पाहिले आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यामुळे चढापेक्षा उतारानंतर अंग अधिक दुखते, आणि ते दुखणे त्याच दिवशी न जाणवता साधारणपणे एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक होते. मागच्या वेळी सासूबाईंना परतल्यानंतर झालेला त्रास कदाचित असाच असावा. त्यामुळे चढ-उताराची वाट त्यांच्यासाठी निवडूच नये. तलावाच्या किंवा नदीच्या काठाने जाणारी सपाट वाट घ्यावी. थोडा उतार टाळता येत नसेल, तर दोन काठ्या वापराव्यात आणि लहान पावले टाकावीत. सर्वांनी पूर्ण वाट एकत्र चालावी, असाही आग्रह नको. माझी आई अर्ध्या वाटेवर सावलीत बसून पक्षी पाहत असे आणि आम्ही पुढे जाऊन परत येत असू. त्या दोन दिवसांतला सर्वात सुखाचा वेळ तोच, असे ती नंतर सांगत असे.

तिसरा प्रतिसाद

मी गाडीच्या प्रवासाविषयी सांगतो. आतल्या कानाला वळणे जाणवतात आणि डोळे मात्र पुस्तकावर किंवा मोबाइलवर स्थिर असतात. या विसंगतीमुळे गाडी लागते. मुलीला वाचन आणि पडदा या दोन्हींपासून दूर ठेवा, तिला समोरचा दूरचा रस्ता दिसेल अशा जागी बसवा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. वळणांच्या रस्त्यावर दर अर्ध्या तासाने थांबावे. लांब उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवल्यास इंजिनच वेग आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

रस्ता कोणत्या दिशेने जातो, याचा विचार फार कमी लोक करतात. सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे गाडी नेल्यास सूर्य पाठीशी राहतो. डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि समोरचे डोंगर उजळलेले दिसतात. सूर्य खाली असताना सावल्या लांब पडतात, म्हणून दऱ्यांची आणि उतारांची घडण त्या वेळी जशी दिसते, तशी भर दुपारी दिसत नाही. मात्र ज्याच्या हाती स्टिअरिंग असते, त्याला यातले काहीच नीट पाहता येत नाही. तुम्ही दोघेही गाडी चालवत असाल, तर अर्ध्या वाटेवर अदलाबदल जरूर करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता शनिवारी सकाळी सपाट वाटेवर चालणे, दुपार पूर्ण मोकळी आणि रविवारी सावकाश गाडीने परतणे, असे ठरवत आहोत. मुक्कामाच्या जागेपासून पश्चिमेला जाणारा एक लांबचा रस्ता आहे आणि आमचे घर त्याच दिशेला आहे, त्यामुळे रविवारी सकाळी लवकर निघू. मोकळ्या दुपारी मुलगी कंटाळेल का, एवढी एकच शंका उरली आहे.

दुसऱ्या प्रतिसादकर्तीचे उत्तर

पहिला तासभर कदाचित कंटाळेल. तिला एक कोरी वही आणि पेन्सिल द्या, आणि सकाळच्या वाटेवर दिसलेल्या पानांचे आकार आठवणीतून काढायला सांगा. सासूबाईंनाही तिच्या शेजारी बसवा; त्यांना झाडांची नावे ठाऊक असतील, तर ती दुपार त्या दोघींचीच होईल.